उलटा फिरलेला पंखा

आज पिठाच्या गिरणीत पट्टा घसरला, जळक्या रबराचा वास आला आणि माझा हात आपोआप पदराकडं गेला.

असाच वास एका वैशाखात नळदुर्गजवळच्या आमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आला होता. डीपी, म्हणजे रस्त्याकडचा ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त होऊन लाइट नुकतीच आली होती. आतली गरम हवा बाहेर फेकणाऱ्या मोठ्या पंख्याचा पट्टा ढिला पडून घसरत होता. कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या. ह्यांनी मोटर मागं सरकवून पट्टा ताणला, अंगठ्यानं दाबून पाहिला.

"दाब गं बटण."

पंखा घुमला. ह्यांनी हुश्श केलं. पण पिसं पंख्याकडं जायची सोडून आत उडायला लागली, तोंडावर भट्टीसारखी झळ आली.

"अवो, उलटा फिरतोय!" मी ओरडत बटण बंद केलं.

"डीपीवर फेजच्या तारा उलटसुलट जोडल्या वाटतं वायरमननं!" मेन स्विच पाडून ह्यांनी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. पुन्हा बटण दाबलं तेव्हा आवाजावर माझा भरवसा नव्हता; उलटा फिरतानाही तो असाच घुमला होता. मी पदर धरून पाहिला. तो पंख्याकडं ओढला गेला. हळूहळू धापा थांबून एकेक चोच मिटत गेली.

तेव्हा माझं सगळं लक्ष कोंबड्यांकडं होतं. आज मात्र ह्यांचंच तोंड डोळ्यांपुढं येतं. तेही कोंबड्यांसारखं उघडंच होतं, आणि शेवटची चोच मिटल्यावरच मिटलं.