मोरिवाकीचा गुळगुळीत राक्षस

टोकियोत नेरिमाला आमचा छोटा स्टुडिओ होता. त्याची आठवण निघाली की मला आधी मोरिवाकीची टेबलावर वाकलेली पाठ दिसते. तेव्हा कार्टूनची चित्रं हातानेच काढत. मी पारदर्शक कागदांवर रंग भरायचे आणि तो समोर बसून नव्या मालिकेतल्या खलनायकाचा मुखवटा काढत असायचा. फार छान दिवस होते ते.

त्याचे वडील हामादा या त्यांच्या गावी देवळातल्या नाचाचे मुखवटे बनवत. मातीचा चेहरा घडवायचा, त्यावर कागदाचे थर चिकटवायचे आणि वाळले की आतली माती फोडून टाकायची. थोरल्या मुलाने हेच करायचं, हे घरात ठरलेलं. हा टोकियोला पळाला, तेव्हापासून वडिलांनी अबोला धरला होता. टीव्हीवर मुलाने काढलेला मुखवटा पाहून ते एक शब्द तरी बोलतील, एवढीच मोरिवाकीची आशा.

पहिला मुखवटा त्याने हुबेहूब गावच्या नाचातल्या राक्षसासारखा काढला. कपाळभर आठ्या, भुवयांचा केस न् केस. हलती चित्रं काढणारी ओनुकी डोक्याला हात लावून बसली.

"अहो मोरिवाकीसान, यातली एकेक आठी मला हजारदा काढायचीय. कसला सूड उगवताय माझ्यावर?"

"आठ्या गेल्या तर राक्षस कसला? वडील म्हणतील, उकडलेलं अंडं काढलंय."

"मग वडिलांनाच बोलवा की काढायला."

त्याने खोडरबर घेतलं. एकेक आठी पुसताना त्याचा चेहरा बघून मलाच वाईट वाटायचं. शेवटी दोन डोळे, उघडा जबडा आणि नाकाच्या जागी नुसता ठिपका एवढंच उरलं. मालिका लागली आणि पोरं त्या गुळगुळीत तोंडाला घाबरून आईच्या मागे लपू लागली. हामादाहून मात्र काहीच नाही. "माझा फोन आला होता का?" असं तो रोज विचारायचा. आम्ही त्याला चिडवायचो, पुढे चिडवणंही सोडून दिलं.

त्या शरदात, गावच्या उत्सवाच्या तोंडावर, फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज असा खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"गावातली पोरं डोकं खातायत माझं. उत्सवात तुझाच राक्षस पाहिजे म्हणतात. माती घेऊन बसलोय. याचं नाक बाजूने कसं आहे?"

मेहनत वाचावी म्हणून आम्ही त्या राक्षसाला कधी वळवलंच नव्हतं. कायम समोरून. त्याची बाजू कुणी काढलीच नव्हती.

"बाबा, मलाच माहीत नाही," मोरिवाकी म्हणाला.

पलीकडे म्हातारा खोकला आणि म्हणाला, "मुखवटेवाल्याचा पोरगा, आणि नाक माहीत नाही. माती सुकायच्या आत ये."

दारात त्याचे बूट तसेच राहिले. स्टुडिओतल्या सपाता घालूनच तो स्टेशनकडे धावत सुटला.