मारोतीच्या विहिरीवरचा उजेड

विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. पोरांनी भुताखेताचं विचारलं की मी हसण्यावारी न्यायचो. आजही मानत नाही... पण ते फोटो मी स्वतः काढलेत. आणि त्या रात्रीबद्दल मी गावाशी खोटं बोललो, हेही आज लिहून टाकतो.

जवळा बाजार गावाच्या अलीकडे, शेतातच माझं घर. मागे सरकत्या पत्र्यांची खोली — तीच माझी वेधशाळा. सप्तर्षींतल्या मरीची ताऱ्याजवळ एक सर्पिल दीर्घिका आहे, कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर. तिच्या फोटोसाठी दुर्बिणीला कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटांच्या कितीतरी फ्रेम काढून एकावर एक रचाव्या लागतात. जवळ साधा बल्ब असला तरी सगळं वाया.

आणि बल्ब होता — शेजारच्या मारोतीच्या विहिरीवर, मोटारीच्या खांबाला. शेतीची लाईट रात्रीचीच येते, त्यामुळे तो गव्हाला पाणी द्यायला रात्री यायचा. मी रोज ओरडायचो. शेवटी माघातल्या अमावस्येला, संध्याकाळीच त्याने बल्ब काढून माझ्या हातात ठेवला.

"घ्या सर, ठेवा तुमच्यापाशी. तुमची दीर्घिका लई लाजाळू हाय बा!"

"आणि तू? अंधारात?"

"मला काय विहीर नवी हाय व्हय?"

मी बल्ब ठेवून घेतला.

रात्री सुरुवातीच्या फ्रेम स्वच्छ आल्या. मग एकीत डावीकडून, विहिरीच्या बाजूने, पिवळा उजेड. पुढचीत आणखी. "मारोती, बंद कर रे ते!" मी ओरडलो. उत्तर नाही. बाहेर डोकावलो, तर विहिरीकडे मिट्ट काळोख. बल्ब माझ्या टेबलावर होता! दुर्बिणीला झाकण लावलं — फ्रेम काळी. काढलं — पुन्हा उजेड. कॅमेऱ्याला शिव्या घालत मी पत्रे ओढले आणि झोपलो.

सकाळी मारोती विहिरीत सापडला.

होल्डर रिकामा पाहून लोक विचारू लागले. "उडाला असेल बल्ब, काढून टाकला असेल," मी म्हणालो. तेवढ्यावरून सासूने त्याच्या बायकोला, कौसाबाईला धरलं — "बाजारातून बांगड्या आणल्या भवानीनं, बल्ब न्हाई आणला!" हे ती बिचारी ऐकत राहिली. मीही कुंपणाअलीकडून ऐकत राहिलो.

गेल्या आठवड्यात बल्ब घेऊन त्यांच्या घरी गेलो. सासूसमोरच सगळं सांगितलं, लॅपटॉपवर फ्रेम दाखवल्या. कौसाबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"एवढा उजेड दिसला, सर... मंग बघायला काहून न्हाई आले?"

"फोटो बिघडला म्हणून रागात होतो," मी म्हणालो. तिने बल्ब उचलून घेतला. सासू उठून आत गेली.

त्या फ्रेम मी जाणकारांना दाखवल्या. कॅमेऱ्यात दोष नाही म्हणतात. उजेड कुठला, ते कोणालाच सांगता येत नाही... मलाही नाही.

कौसाबाईने तोच बल्ब पुन्हा खांबाला लावलाय. रात्रभर जळतो. माझे पत्रे तेव्हापासून बंदच आहेत.