चौथ्या मजल्यावरची आंघोळ

आमच्या मजल्यावरची होम यूक-शिम जिन्यातच थबकली, कारण जिन्याला ब्लीचचा वास येत होता. आमच्या जिन्याला खारवलेल्या माशांचा, ओल्या मोज्यांचा आणि उंदरांचा वास असतो. ब्लीचचा नसतो.

ती धावतच तिसऱ्या मजल्यावर आली. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात मी तारेच्या घासणीनं शेगडी घासत होतो. उभा जन्म हॉटेलातल्या कढईसमोर काढलेला माणूस मी. शेगडी चमकवावी तर मीच.

"फोंगदादा, हे काय चाललंय?"

"पालिकेचा साहेब येतोय ना आज? शिवाय नवीन वर्ष तोंडावर आलंय. घाणेरडं घर दाखवायचं का त्याला?"

दिवसभर मोठ्या हॉटेलात परक्यांच्या खोल्या साफ करून आलेली बाई ती, पण आपलं घर साफ झालेलं बघून रडकुंडीला आली. "अहो, तो काय जेवायला येतोय का? तो घाणच बघायला येतोय! किती महिने खेटे घातले मी त्याच्यासाठी!"

माझ्या हातातली घासणी हातातच राहिली. चीनमध्ये, तोइशानला, आमच्या गावात साहेब येणार म्हटलं की आधी अंगण झाडायचे, मग चहाचं आधण ठेवायचे. सॅन फ्रान्सिस्कोत येऊन आम्ही म्हातारे झालो, पण हात तेच करत होते. कुणी भिंतीच्या बुरशीवर कॅलेंडर टांगलं होतं, कुणी उंदरांच्या बिळांत फडकी कोंबली होती. मजला असा चकाचक, की तक्रार कसली केली असा प्रश्न पडावा.

तक्रार होती छताची. चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप फुटला होता. वर कुणी आंघोळ केली की पाणी खाली सू-वान आणि पाक-लाम या नवराबायकोच्या खोलीत झिरपायचं. त्यांच्या छताला चांगला टम्म फुगा आला होता, आणि त्याच्या बरोब्बर खाली त्यांच्या तान्ह्या मुलीचा पाळणा. पाळणा हलवावा तर कुठे हलवावा? आमच्या खोल्या अशा, की पलंगावर बसून दाराची कडी लावता येते. मालक कुठे राहतो ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचा मॅनेजर क्वोक यायचा, फुग्याकडे बघायचा आणि "रंग मारून घ्या" म्हणायचा.

शिम समोरच्या खोलीत राहायची. तिला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची फार हौस, असं मी तिच्या तोंडावर म्हणत असे. पूर्वी ती शिलाईच्या कारखान्यात होती. तिथे मागच्या दाराला कुलूप घालून बायकांना आत बसवायचे. एका सकाळी तिनं सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या आणि कुलूप निघाल्यावरच पायडलवर पाय ठेवला. तिथून तिला ही खोड लागली ती लागलीच. या तक्रारीसाठी ती दोन-दोन संत्री घेऊन दारोदार फिरली. माझ्याकडेही आली. संत्री मी ठेवून घेतली आणि म्हणालो, "मला यात ओढू नकोस बाई. मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

तिच्या मागोमाग क्वोकही दारोदार फिरला, हसत हसत. "इन्स्पेक्टर काय छत बघतो? तो डोकी मोजतो. एका खोलीत तिघं दिसले की दाराला कागद चिकटवतो आणि म्हणतो, निघा. मग ती शिम काकू तुम्हाला ठेवणारे का डोक्यावर घेऊन?"

झालं! सगळ्यांची पाचावर धारण बसली. तेव्हा शिमनं आम्हाला याच स्वयंपाकघरात गोळा करून सांगितलं, "या मजल्यावरचं एकही माणूस रस्त्यावर जाणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्दाला छप्पर असतं का गं?" मी मागून विचारलं. सगळे हसले. ती हसली नाही.

आता तिनं सू-वानचं दार ठोठावलं. मीही ओल्या हातांनी मागे गेलो. दार फटीएवढं उघडलं. आत छताच्या फुग्यावर सणाचा लाल कागद छान ताणून चिकटवलेला होता, आणि छत कोरडं ठणठणीत.

"काल सकाळपासून वर कुणी आंघोळ केलेली नाही," सू-वान खाली बघत म्हणाली. "मीच पाया पडून सांगितलं सगळ्यांना. काकू, रागवा हवं तर. पण त्यानं आम्हाला बाहेर काढलं तर या पोरीला घेऊन मी कुठं जाऊ? यांची रात्रीची भांडी घासायची नोकरी. हॉटेलवाले तरी आम्हाला झोपू देतील का?"

"आणि ते छत पोरीच्या अंगावर पडलं तर?"

"रोज रात्री मी जागीच असते. बघत असते त्याच्याकडे." एवढं बोलून ती रडायला लागली. पोरगी तिच्या खांद्यावर शांत झोपलेली.

मला वाटलं, आता शिम तो कागद टराटरा फाडणार. पण ती दाराला टेकून उभी राहिली. "खोली तुझी आहे," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तर साहेबाला दारातूनच परत पाठवीन. पण कागदामागं लपून किती दिवस काढशील, पोरी?" मग माझ्याकडे वळली. "फोंगदादा, वर जा. ताम आजोबांना म्हणावं, आंघोळ करा."

"आत्ता? या थंडीत?"

"वर रोज कुणी ना कुणी करतंच. खोटं काही करायचं नाहीये. आपण रोज जसे राहतो तसं आज तासभर राहायचं, बस्स."

मी कुणाच्या मध्यात नव्हतो, हे तिला पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. पण खालून क्वोकच्या बुटांचा आणि हसण्याचा आवाज येत होता, आणि ते हसणं मला कधीच सहन झालेलं नाही. मी वर गेलो.

ताम आजोबा पलंगावर कोट घालून बसले होते. "आंघोळ मी सणाच्या आदल्या दिवशी करतो. आज केली तर सणापर्यंत टिकेल का?"

"पुन्हा करा. पाणी मालकाचं आहे."

ही गोष्ट त्यांना पटली. उठले, टॉवेल घेतला. मी टबाचा नळ पूर्ण सोडला. आजोबा त्यात उतरले आणि त्यांनी ऑपेरातलं रणांगणाचं गाणं सुरू केलं. "बूच मात्र मी हाक मारेपर्यंत काढू नका," मी ओरडून सांगितलं आणि खाली पळालो.

खाली साहेब आला होता. उंच, थकलेल्या डोळ्यांचा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छडी. बरोबर दुभाषी पोरगी आणि क्वोक. आमची मंडळी भिंतीला रांगेत उभी. साहेब विचारायचा, काही त्रास? आणि सगळे एका सुरात सांगायचे, "छे छे, सगळं छान. चहा घ्या ना साहेब." दुभाषी पोरगी शिमकडे बघायची. शिमच्या हाताची मूठ वळलेली मला दिसत होती. क्वोकनं घड्याळ पाहिलं. "बघितलंत ना, साहेब? एका बाईचा उपद्व्याप आहे हा सगळा."

साहेब सू-वानच्या दाराशी थांबला. "आत येऊ?"

सू-वाननं पोरीला घट्ट धरलं. ती शिमकडे बघत होती, शिम तिच्याकडे. वरून आजोबांचं गाणं ऐकू येत होतं. मग सू-वान बाजूला सरकली आणि तिनं दार सताड उघडलं.

साहेबानं टॉर्च छतावर मारला. लाल कागद कोरडा.

"सणाची आरास आहे," क्वोक म्हणाला. "आमच्यात पद्धत असते."

साहेबानं मान हलवली. टॉर्च विझवला. तो वळला, आणि मला कळून चुकलं की आता सगळं संपलं. मी गळ्याच्या शिरा ताणून जिन्याकडे ओरडलो, "आजोबा, बूच काढा!"

गाणं थांबलं. वर गुडगुड आवाज झाला. साहेब दारातच उभा राहिला. लाल कागदाच्या मधोमध एक काळपट डाग उठला आणि पसरत गेला. मग एक लाल थेंब सुटला आणि पाळण्यातल्या पांढऱ्या दुलईवर पडला. लगेच दुसरा.

साहेबानं पाळण्यावरून हात लांबवून छडीनं कागदाला नुसता स्पर्श केला. कागद, चुना, लाकडाच्या पट्ट्या, सगळं एकदम पाळण्यात कोसळलं. मजल्यावरचे सगळे ओरडले. फक्त सू-वान ओरडली नाही. ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्या ढिगाऱ्याकडे बघत होती, आणि पोरगी आता जागी होऊन टॉर्चकडे बघून हसत होती.

मग सगळे बोलायला लागले. काय सांगू! कॅलेंडरं उतरली, बिळांतली फडकी निघाली. ताम आजोबा टॉवेल गुंडाळून जिन्यात येऊन म्हणाले, "उंदीरही लिहून घ्या म्हणावं." साहेब लिहीत सुटला. क्वोकचं हसू मावळलं होतं. मालकाला दुरुस्तीचा हुकूम निघणार, आणि लगेच निघणार, असं दुभाषीनं सांगितलं. शिमनं डोळे मिटून घेतले.

पण तेवढ्यात साहेबानं एक कागद काढून सू-वानच्या दाराला चिकटवला.

"हे काय?" शिमनं विचारलं.

दुभाषी पोरीचा आवाज खाली गेला. "दुरुस्ती होईपर्यंत या खोलीत कुणी राहायचं नाही. धोका आहे. राहायची सोय मालकानं करायची, पण त्याचा वेगळा हुकूम यायला वेळ लागतो."

क्वोकचं हसू परत आलं. "मी काय सांगत होतो?"

आत्ता एवढा गलका करणारी मंडळी भिंतीला सरकली. कुणी शिमकडे बघेना. सू-वान मात्र बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तरी बरं वाटलं असतं.

शिम आत गेली, पोरीची दुधाची बाटली आणि सुके कपडे घेऊन बाहेर आली. "सू-वान, तू आणि पोरगी माझ्याकडं. मी जमिनीवर झोपते."

"आणि नवरा?" क्वोकनं विचारलं. "पहाटे कामावरून दमून येतो तो. जिन्यात झोपवणार का? की 'एकही माणूस रस्त्यावर जाणार नाही' हे बायकांपुरतंच होतं?"

शिमनं तोंड उघडलं. तिच्या खोलीत तिसऱ्याला पाय ठेवायला जागा नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं. कारखान्याचं कुलूप काढायला लावणारी ती बाई हातात बाटली धरून उभी होती, आणि तिच्याकडे शब्द उरला नव्हता. मला ते बघवेना. संतापच आला मला: क्वोकचा, त्या कागदाचा, आणि मजल्यावरच्या प्रत्येक बंद तोंडाचा, ज्यात एक माझंही होतं.

"पाक-लाम माझ्याकडं झोपेल," मी म्हणालो. "माझा पलंग रुंद आहे. फक्त त्याला सांगून ठेवा, मी घोरतो."

मग मागून ताम आजोबा म्हणाले, "ते चौथ्या मजल्यालाही ठाऊक आहे." कुणीतरी हसलं. बाजूच्या खोलीतल्या बाईनं पोरीसाठी टोपली पुढे केली, दुसरा कुणी ढिगाऱ्यातून दुलई ओढून झटकायला लागला.

क्वोक जिना उतरून गेला. शिम पहिल्या पायरीवर बसली आणि हातातली बाटली तशीच धरून हमसून हमसून रडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेलो, घासलेल्या शेगडीवर कढई चढवली आणि सगळ्यांना पुरेल एवढा भात परतायला घेतला.