सुतावरचं बोट

"गिरिजाबाई बायकांना वीज लावते," असं अक्कलकोट रोडवरच्या त्या चाळीत सगळे म्हणत. कोणी हसून म्हणे, कोणी दबक्या आवाजात. शेजारची केराबाई तर तिच्या हातून साखरेची वाटी घेतानाही आधी बोटाच्या टोकानं चाचपून पाही.

गिरिजाबाई मूळची मंगळवेढ्याकडची. मॅट्रिक होऊन ती नर्सिंग शिकली आणि पंचाहत्तर साली शहरातल्या एका दवाखान्यात कार्डिओग्राम काढण्याच्या कामावर लागली. छाती उघडी करायची म्हटलं, की बायका पुरुषापुढे तयार होत नसत. दुखणं अंगावर काढत. म्हणून डॉक्टरांनी या कामावर मुद्दाम बाई नेमली होती.

कामावर घेताना त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत ठोक्यागणिक अगदी बारीक वीज उठते. साऱ्या पेशींची मिळून ती कातडीपर्यंत येते. सुई टोचायला नको, चिरायला नको. हातापायांना पट्ट्या बांधायच्या, छातीवर रबरी फुग्याची वाटी चिकटवायची, की आतली हालचाल कागदावर रेघ होऊन उतरते. कार्डिओग्रामच्या पेटीची एक तार गिरिजाबाई नळाच्या पाइपाला बांधी, म्हणजे शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या विजेची खरखर रेघेत येत नसे. बायकांचा समज मात्र असा, की वीज नळातून निघते आणि अंगात शिरते.

भ्यालेल्या बाईची रेघ वाचता येत नाही, हे तिला लवकरच कळलं. भीतीनं हात आवळले, की हाताच्या स्नायूंची वीज जागी होते आणि हृदयाची रेघ तिच्या थरथरीत बुडून जाते. म्हणून तिनं आपली एक रीत पाडून घेतली. कोणी फारच घाबरली, तर पट्ट्या आधी स्वतःच्या हातापायांना बांधायच्या, रेघ काढून दाखवायची आणि म्हणायचं, "बघा, मी जिती हाय की न्हाय?" बाई हसायची आणि काम व्हायचं.

असंच एकदा स्वतःची रेघ दाखवत असताना तिला आपलाच एक ठोका वेळेआधी पडलेला दिसला. मग आणखी एक. डॉक्टरांनी कागदाची पट्टी बघितली आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही. पण जपून राहायचं." गिरिजाबाईनं लपवाछपवी केली नाही, कोणी विचारलं, की खरं ते सांगून टाकलं. तिची चूक झाली ती एवढीच. आठवडाभरात चाळीत एकच बोलणं सुरू झालं, की दुसऱ्यांना वीज लावता लावता हिचंच काळीज बिघडलं. दवाखान्यात येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या.

आणि त्याच दिवसांत पलीकडच्या खोलीतल्या सोजरबाईच्या छातीत कळ आली. सोजरबाई मागाच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. तिचा नवरा कुंडलिक तिला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि गिरिजाबाईला बाजूला घेतलं. "रेघ बघितल्याशिवाय मला नेमकं कळणार नाही. साधं दुखणं असेल तर ठीक. हृदयाचं असेल तर आत्ताच मोठ्या इस्पितळात हलवलं पाहिजे."

पडद्याआड सोजरबाई घामानं भिजून पडली होती. तारा दिसताच तिनं दोन्ही हात छातीशी घेतले.

"न्हाय लावून घ्यायची मला वीज! तुजंच काळीज खाल्लंय की तिनं."

"अक्का, आदी मी लावून दावते—"

"तू नगं दावू. तुजं दावून झालंय समदं!"

पडद्याबाहेरून कुंडलिक ओरडला, "अगं, लावून घे की! तुला काय आता सोन्याच्या पाटल्या काढून घ्याय लागल्यात व्हय?"

"तू गप रं! तुज्या छातीला लाव जा!"

गिरिजाबाईनं तिच्या मुठी सोडवून पट्ट्या बांधल्या खऱ्या, पण कागदावर नुसती झाडाझुडपासारखी गिचमीड उतरली. तिनं पेटी बंद केली. स्टूल ओढून खाटेशी बसली आणि सोजरबाईचा हात हातात घेतला. तर्जनीच्या पेरावर सुतानं पाडलेली खाच होती.

"अक्का, कांडी भरताना सुतावर हे बोट कशाला ठेवता?"

सोजरबाई धाप लागलेली असतानाही चिडली. "आता हे काय इचारायचं? गाठ आली तर कळाय नगं का?"

"आन् बोट सुताला काय करतं?"

"काय करतंय? नुसतं टेकलेलं असतंय. जोर दिला तर तुटंल की सूत."

"मग ही पट्टी म्हंजी तेच बोट हाय. सूत तुमचं. गाठ हाय का, एवढंच बघायचं."

सोजरबाईनं मान कलती करून त्या पट्टीकडे पाहिलं. पलीकडे मागांची खडखड चालूच होती. हळूहळू तिची बोटं उलगडली आणि कांडीशी बसल्यासारखा तिचा हात खाटेवर सैल पडला. गिरिजाबाईनं खटका दाबला. रेघ स्वच्छ उतरली आणि दुखणं हृदयाचंच आहे हे डॉक्टरांनी उभ्याउभ्याच ओळखलं. टांगा अजून दारातच होता. सोजरबाईला तडक इस्पितळात नेलं.

ती वाचली. घरी आली ती वाळून, पण आवाज तोच. "गिरजीच्या मशीननं माज्या काळजाची गाठ सोडीवली," असं तिनं साऱ्या चाळीला ऐकवलं. झालं! कालपर्यंत ज्या बायका गिरिजाबाईच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या, त्या तिच्या दारात येऊन बसू लागल्या. कोणाची पाठ, कोणाची अर्धशिशी. केराबाई तर गुडघ्यावरचं लुगडं सारून म्हणाली, "लाव की गं जरा वीज हितं. आन् तुज्या काळजालाबी लावून घे, बरं हुईल."

गिरिजाबाई ताटात भाकरी मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मशीन कुणाला बरं करत न्हाय आन् कुणाला बिघडवतबी न्हाय. आतलं ऐकतं, तेवढंच. गुडघा डाक्टरला दावा. आन् माजा ठोका चुकतोय ते मला ठावं हाय. त्याची काळजी तुमी नगा करू. आता सरका, मला जेवू द्या."