डब्याला कान लावणारा

मुलांनो, आमचा गिरणीवाला डबा उघडण्याआधी त्याला कान लावतो. ज्वारीत सोंडे पडले की ते आतून दाणा पोखरतात आणि त्यांची बारीक करकर त्याला ऐकू येते. मागच्या महिन्यात मी ऊन न देताच भरून ठेवलेली ज्वारी त्याने सगळ्यांसमोर परत केली. "बाई, तुमच्याकडचे सोंडे लई खाऊनपिऊन सुखी हायत की. वाळवून, चाळून आणा."

परवा माझ्यापुढे पलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी होती. तिला नीट दिसत नाही. तिच्या पिशवीवर किडे फिरत होते.

"कीड न्हाय ना रं लागली?" तिने विचारलं. "वर्षाची हीच हाय."

त्याने पिशवीला कान लावला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"चांगली हाय की, आज्जी," तो म्हणाला.

त्याने ज्वारी दोनदा चाळली आणि उरलेले पोकळ दाणे दळले. पीठ निम्मंच पडलं. म्हातारी त्याला आशीर्वाद देत गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझा डबा पुढे सरकवला. भाकरीचा पहिला कडू घास तिला सगळं सांगणारच होता.