आता बोला, विहीणबाई

थांब गं, फोन ठेवू नकोस. डेल्फ्टला येऊन तुला वर्ष होत आलं. पॅरिस झालं, प्राग झालं, कुठल्याशा बर्फातल्या गावी जाऊन पाय मुरगळून घेणंही झालं, आणि मावशीचं आइंडहोवन तेवढं लांब! थेट गाडी आहे बाई, मध्ये बदलावीसुद्धा लागत नाही. वर फोनवर मलाच विचारतेस, "मावशी, ते तुझे विमानवाले व्याही अजून तसेच वेडे आहेत का गं?" मोठ्या माणसाला वेडं म्हणू नये. म्हणायचंच असेल तर आधी सगळी माहिती काढून मग म्हणावं. म्हणून सांगते, ऐक.

आमच्या व्याह्यांइतका वाकडा चालणारा माणूस या सपाट देशात दुसरा नाही. माझ्या लेकीचे हे सासरे. तरुणपणी इथे आले, कॉम्प्युटरच्या चिपा बनवायच्या मशिनांच्या कंपनीत जन्म काढला, केसाच्या शंभराव्या भागाएवढी चूक पकडायची नोकरी केली, आणि सुपरमार्केटात ट्रॉली हातात आली की नागासारखे वळत जातात. थोडं डावीकडे, मान काढून पुढे बघायचं. थोडं उजवीकडे, पुन्हा बघायचं. पावाच्या कप्प्यापाशी उभ्या असलेल्या डच बायका आपोआप भिंतीला लागतात. मागून विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, दबक्या आवाजात, "अहो सरळ चला, लोक बघतायत." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "लोक बघतायत तेच बरं. मला कुठे समोरचं दिसतंय?"

यात वेड काही नाही. त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी जे विमान बांधलं, त्याची दोन चाकं पुढे आणि तिसरं, लिंबाएवढं, शेपटीखाली. जमिनीवर असलं की ते नाक वर करून बसतं, माहेरी आलेल्या थोरल्या मुलीसारखं. चालवणाऱ्याला समोर नुसतं नाक दिसतं. म्हणून वळत वळत, दोन्ही बाजूंनी डोकावत जावं लागतं. हे बांधायच्या आधीही क्लबातली तसलीच विमानं वर्षानुवर्षं चालवून माणसाला तेच वळण लागलं. तसेच त्यांचे पाय, कारण असलं विमान जमिनीवर पायांनीच सरळ ठेवायचं असतं. जेवायला बसले तरी टेबलाखाली दोन्ही पाय चालू, पायपेटी वाजवल्यासारखे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मला वाटलं, वरण खारट झालं आणि बिचारे संकोचाने बोलत नाहीत.

मी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आले आणि पुढे इथलीच झाले. डिंकाचे लाडू बांधून हात मोकळे झाले तोच व्याही दारात. "विहीणबाई, जरा पाच मिनिटं ठोकळा धरता का?" पत्र्याला रिव्हेट मारताना एकाने बाहेरून बंदूक लावायची आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, असं ते काम. विहीणबाईंनी केव्हाच हात वर केले होते. मेथी निवडताना परातीत स्क्रू सापडला त्या दिवशी. मग काय, मी धरला. पाच मिनिटांचे चार महिने झाले. कानाला टोपणं लावायची, ठोकळा धरायचा आणि दातसुद्धा थडथडतात तो अनुभव घ्यायचा. शेजारचा डच म्हातारा तक्रार करायला आला, पण इथला माणूस भांडायलासुद्धा वेळ ठरवून येतो. त्या वेळेला व्याह्यांनी त्याच्यापुढे कॉफी, बाकरवडी आणि कानाची टोपणं ठेवली. आठवड्याने तोही ठोकळा धरून उभा! तेव्हा डावा पंख बराचसा माझा आहे, हे लक्षात ठेव.

विमान तयार झालं, गवताच्या धावपट्टीवर नेलं, विहीणबाईंनी साग्रसंगीत पूजा केली आणि नारळ फोडला. व्याह्यांचा चेहरा एकदम पांढरा. विमानाच्या नाकावरच्या पंख्याजवळ एक खडा चालत नाही, आणि इथे करवंटीच्या ठिकऱ्या चहूकडे उडालेल्या! नव्या रेशमी कुडत्यात हा माणूस रांगत रांगत गवतातून करवंटी वेचत होता आणि विमानतळाचा उंच मॅनेजर अदबीने विचारत होता, हाही विधीचाच भाग आहे का. "हो," विहीणबाई म्हणाल्या, "हा यजमानांनीच करायचा असतो."

बसायला पुढे एक जागा, मागे एक. मागच्या जागेवर त्यांच्या बायकोचा, मुलाचा, सुनेचा नकार. राहिले मी. अगं, काय सांगू! इंजिन गरजलं, शेपूट उचलली गेली, आणि इतका वेळ न दिसणारं समोरचं सगळं जग एकदम पदर बाजूला सारल्यासारखं दिसलं. मग जे सुटलो! प्रवासी विमानात आपण नुसते बसतो. यात आपणच जातो. ते म्हणाले, "विहीणबाई, जरा वेगात जाऊ या?" मी म्हटलं, "मग इतका वेळ काय करत होतो?" घरी विहीणबाईंनी वाटाणे भिजत घातले होते, ते फुगायच्या आत आम्ही टेक्सल बेटावर समुद्राकाठी कॉफी पिऊन परत. वरून हा देश म्हणजे कुणी ठिपके मोजून जोडून ठेवलेली रांगोळी. कालव्यात ऊन पडलं की एकेक रेघ पेटत जायची, आणि आमची चिमुकली सावली गाईंवरून, भाजीपाल्याच्या काचेच्या घरांवरून, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरींवरून धावायची. साठी उलटल्यावर एवढं हसू मला कुठून येत होतं कोण जाणे.

पण एक नियम. उतरायला लागलो की तोंड बंद. चाकं टेकली तरी बंद. वेग कमी झाला, वळत वळत जागेवर आलो, तरीही बंद. पंखा थांबला की पुढून आवाज यायचा, "आता बोला, विहीणबाई." शेपटीखाली चाक असलेलं विमान उतरल्यावर खरं खोड्या काढतं. शिकत असताना एकदा व्याह्यांनी सुरेख उतरवलं, गुरुजी मागून "शाबास" म्हणाले, यांनी ती शाबासकी घ्यायला पाय सैल सोडले, आणि विमान कोंबडीसारखं गर्रकन फिरून आल्या दिशेला तोंड करून उभं राहिलं. तेव्हापासून, थांबल्याशिवाय कौतुक नाही.

आणि हा नियम विमानापुरता राहिला असता तर! आमच्या मुलांच्या लग्नात शेवटची अक्षता पडली, मांडवभर टाळ्या, आणि वरपिता हाताची घडी घालून उभा. मी मनातल्या मनात आहेर मोजायला लागले. मानपानात काय चुकलं? रात्री उशिरा फोन आला. "विहीणबाई, दोघं घरी पोचली. गाडी लावली. इंजिन बंद. आता अभिनंदन!" नातू झाला तेव्हाही तेच. पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. बाळ घरी आलं, बाबागाडीला ब्रेक लागला, मग झाकण उघडलं.

गेल्या वर्षी डोळ्यांचं निमित्त झालं. विमानवाल्यांचा डॉक्टर वेगळा असतो. त्याने सांगितलं, आता एकट्याने उडवायचं नाही. व्याह्यांनी डॉक्टरचा कागद घडी करून खिशात ठेवला. पण उभं विमान उभ्या घोड्यासारखं बिघडतं, आतून गंजत जातं. एक तर ते चांगल्या हाती द्यायचं, नाही तर डोळ्यांदेखत संपू द्यायचं. मग सुरू झाला बघण्याचा कार्यक्रम. त्यांना मुलगी नाही ना, ती हौस इथे फिटली. पहिला आला तो दातांचा डॉक्टर, उडवलं छान, पण चाकं टेकताच "वाव" म्हणाला. नापसंत. दुसरा गप्प होता, पण विमान पुरतं थांबायच्या आत खिशातला फोन काढला. नापसंत. तिसऱ्याने मागे वळून अंगठा दाखवला. विहीणबाई वैतागल्या. "अहो, सुनेला पसंत करायला तुम्हाला एक कांदेपोह्यांची बशी पुरली होती!" मी व्याह्यांना म्हटलं, "तेव्हा तुम्ही मुलाकडचे होतात. आता बसा आमच्या जागेवर, म्हणजे कळेल." हसले. पण पायपेटी थांबली होती, ते माझ्या लक्षात आलं.

मग एक मुलगी आली. शाळेत भूगोल शिकवते, हाताला ग्रीस, केस कसेबसे बांधलेले. आधीच्या तिघांच्या वेळी बसले तसे व्याही मागच्या, माझ्या जागेवर बसले. तिलाही एवढंच सांगितलं, की मी सांगेपर्यंत बोलायचं नाही. मी आणि विहीणबाई कुंपणापाशी उभ्या. आडवा वारा सुटला होता, बांधावरची झाडं एका अंगाला झुकलेली. पोरगी एका चाकावर उतरली, मग दुसरं, मग शेपूट. एकदा जराशी उडी बसली, पण तिने ती सावरली. वळत वळत आली. थांबली. पंखा थांबला.

आणि कुणीच बोलेना.

काचेचं झाकण बंदच. पोरगी समोर बघत ताठ बसलेली, मागे वळूनसुद्धा बघेना. मागे व्याह्यांची लोकरी टोपी तेवढी दिसत होती. विहीणबाईंनी माझा हात धरला. "त्यांना बरं वाटत नाहीये का हो?" मी म्हटलं, "थांबा. जाऊ नका." कारण मला समजलं होतं. ते म्हणत नाहीत तोवर उतरणं पुरं झालेलं नव्हतं. तोवर ते विमान त्यांचं होतं. वाऱ्याने गवत पार आडवं होत होतं, पलीकडे एक गाय आमच्याकडे बघत होती, आणि ती भली पोर, अवाक्षर न काढता बसून राहिली. मग झाकण उघडलं आणि आवाज आला, मराठीत.

"आता बोल, बाळ."

तिला एक शब्द कळला नसणार. पण ती वळली, त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या डच भाषेत म्हणाली, "आभारी आहे, मेनेर," म्हणजे साहेब. विमान गेलं तिच्याकडे. महिन्या-दोन महिन्यांनी येते, त्यांना मागे बसवून एक चक्कर मारून आणते. ते सांगतात, "तिच्या डाव्या पायात अजून घाई आहे." पण सांगताना डोळे बघावेत.

सगळं चांगलंच झालं म्हण. फक्त परवा सुपरमार्केटातून विहीणबाई एकट्याच आधी बाहेर आल्या आणि पिशवी माझ्या हातात देऊन दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "विहीणबाई, ते आज ट्रॉली सरळ घेऊन गेले हो."

म्हणून म्हणते, ये. या रविवारीच ये, परीक्षा-बिरीक्षा सांगू नकोस. वाटाण्याची उसळ करते. स्टेशनवर भाड्याची सायकल घे, पण आधी माझ्याकडे नको, त्यांच्या गल्लीत जा. ते दुपारी खिडकीशी बसलेले असतात. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, मान काढून बघत, वळत वळत ये. त्यांनी पाहिलं, हात केला, तरी हसू नकोस, हाक मारू नकोस. सायकल थांबव, स्टँडवर लाव, हात खाली घे आणि दारापाशी गप्प उभी राहा. ते दार उघडतील. काय म्हणतात ते ऐक, आणि मग पोटभर बोल.