बाईंचा गळा

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवायच्या आणि मशिनींच्या खडखडाटावरून बोलायचं, त्यामुळे आवाज खणखणीत. नवरा म्हणायचा, "तुझा आवाज पोचत नाही असं जगात एकच माणूस, आणि ते नेमकं आपल्याच घरी जन्माला आलं." हा विनोद तिला पूर्वी चालायचा. लेक शाळेतल्या बाईंकडे शिकायला जाऊ लागली तेव्हापासून चालेनासा झाला.

पोरगी पाच वर्षांची, जन्मापासून बहिरी. कानामागे यंत्र होतं, पण त्यातून नुसता गलका पोचायचा. बाई तिला समोर बसवत, तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवत आणि बोलत. थरथर हाताला कळायची, ओठ डोळ्यांना दिसायचे. कॉलरवाली दारात उभी राहून बघायची. बाईंच्या तोंडाकडे बघताना पोरीच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती घरी कुणाच्या वाट्याला आली नव्हती. बघून हिच्या पोटात दुखायचं.

मग पोरीचा पहिला शब्द आला, तो 'बाई'. घरी येऊन तिने तो कपाटाला, नळाला, बापाला आणि आईलाही ऐकवला. बाप हसून हसून बेजार. बाईंनी समजावलं की 'ब' ओठांवर दिसतो, नुसतं 'आई' तोंडाच्या आत होतं, म्हणून उशिरा येतं. हिला ते कसं पटावं? कळा मी सोसल्या आणि नाव त्या सटवीचं, एवढंच डोक्यात.

तिने घरीच शिकवायचं ठरवलं. पोरीला समोर बसवून हात गळ्यावर ठेवला आणि कारखान्यात घालावी तशी हाक घातली, "आई." पोरीने हात झटकन मागे घेतला. पुन्हा धरला, तर ती टेबलाखाली जाऊन बसली. त्या आठवड्यात कॉलरवाली शाळेतून तिचं नाव काढायलाच गेली.

बाईंनी ऐकून घेतलं आणि घरी काय करता ते दाखवा म्हणाल्या. हिने दाखवलं. बाईंनी मधेच स्वतःची बोटं हिच्या गळ्याला लावली.

"तुम्ही ओरडताय."

"तिला ऐकू येत नाही. मग काय कुजबुजू?"

"ओरडलं की गळा आवळतो. तिच्या हाताला तो राग वाटतो. तिला मांडीवर निजवताना बोलता तसं बोला." बाई उठल्या. "रोज शेवटची दहा मिनिटं या खुर्चीत तुम्ही बसायचं."

खुर्ची सोडताना बाईंचा चेहरा उतरला. ते कॉलरवालीने बरोबर टिपलं आणि तिला कित्येक दिवसांनी गार वाटलं. नाव काढायचं राहून गेलं.

ती कामावरून धावतपळत यायची, हळू बोलायची. बाई कोपऱ्यात चित्रं लावत बसत, मधे पडत नसत. पोरीचा हात आधी भीत भीत, मग टिकून राहू लागला. आणि एके दिवशी पोरीच्या तोंडून फाटका, घोगरा आवाज निघाला, "आ…ई."

लगेच तिने मान वळवली. कोपऱ्यातल्या बाईंकडे, बरोबर आलं का विचारायला.

कॉलरवालीने पोरीची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे फिरवलं.

"इकडे बघ," ती हळूच म्हणाली, "मला सांग."